कॅमेलिऑनचा एकच रेणू पाहताना: कॅल्शियम सुटले की पिवळे प्रथिन विझले?

प्रश्न:
नमस्कार. कॅमेलिऑन या कॅल्शियम-संवेदकाचे रेणू काचेवर विरळ बसवून मी एकेक रेणू पाहते आहे. या रेणूत एक निळसर आणि एक पिवळे चमकणारे प्रथिन जोडलेले असते; कॅल्शियम बसले की रेणू मिटतो, दोन्ही प्रथिने जवळ येतात आणि निळसरची ऊर्जा पिवळ्याकडे जाऊन पिवळा प्रकाश वाढतो. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत, असंख्य रेणू एकत्र असताना) संवेदक कॅल्शियमने अर्धा भरलेला दिसतो, तेव्हा निम्मे रेणू मिटलेले असतात की सगळेच अर्धवट मिटलेले असतात, हे सरासरीवरून कळत नाही. म्हणूनच हा खटाटोप. परंतु कॅल्शियम भरपूर असतानाही काही रेणूंचा पिवळा प्रकाश एकदम शून्यावर येतो, त्याच क्षणी निळसर वाढतो आणि दोन-तीन सेकंदांनी पिवळा परततो. याला कॅल्शियम सुटणे म्हणावे का?

उत्तर १:
घाईने म्हणू नका. डिक्सन, क्युबिट, त्सिएन आणि मोर्नर यांनी १९९७ मध्येच दाखवले होते, की जेलमध्ये अडकवलेले पिवळ्या जातीचे एकटे प्रथिन स्थिर प्रकाशातही लुकलुकते, आणि दीर्घकाळ विझलेले प्रथिन ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने पुन्हा उजळते. कॅल्शियम सुटले की निळसरकडून पिवळ्याकडे होणारे ऊर्जेचे हस्तांतरण कमी होते, पण सहसा पूर्ण थांबत नाही. त्यामुळे थेट शून्य दिसले, की संशय आधी पिवळ्या प्रथिनावर घ्यावा. निळसर प्रथिनाच्या लेसरबरोबर ५१४ नॅनोमीटरचा लेसर आलटून पालटून लावा. त्या थेट प्रकाशालाही पिवळे गप्प राहिले, तर ते विझले आहे.

उत्तर २:
सहमत आहे, मात्र फोटॉनचा हिशोब सांभाळा. असे प्रथिन कायमचे विझण्याआधी साधारण लाखभर फोटॉन देते आणि त्यांतला थोडाच वाटा कॅमेऱ्यापर्यंत पोचतो, म्हणून ५१४ची शक्ती अगदी कमी ठेवा. बफरही तपासा. जुने पिवळे प्रथिन क्लोराइडने आणि आम्लतेने मंदावते; माझे कित्येक आठवडे केवळ मिठाच्या बफरमुळे वाया गेले. शक्य असेल तर सिट्रिन हे सुधारित पिवळे प्रथिन घ्या, आणि निळसर बाजूला एमटर्क्वाइज-२ हे नवे निळसर प्रथिन घ्या, कारण त्याची क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या फोटॉनपैकी परत प्रकाश म्हणून मिळणारा वाटा) ०.९३ आहे, तर जुन्या निळसर प्रथिनाची जेमतेम ०.४.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. काल दोन्ही लेसर लावून पाहिले. शून्यावर गेलेल्या रेणूंत पिवळे प्रथिन ५१४लाही गप्पच होते, म्हणजे ती सारी लुकलुकच होती. मात्र काही रेणूंत पिवळा प्रकाश निम्म्यावर आला असतानाही ५१४ला थेट प्रतिसाद पूर्ण मिळाला, म्हणजे तिथे कॅल्शियम सुटले असावे. आता ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन) घालून, कॅल्शियम काढून घेतलेल्या नमुन्याशी तेवढेच रेणू ताडून पाहणार आहे.