'करिअर', 'कारकीर्द' आणि ओळखपत्रावरचं 'एक्झिक्युटिव्ह'

डिचोलीहून प्रश्न :

मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. कॉलेजच्या हस्तलिखितासाठी 'आपल्याला पुढे काय काय होता येईल' असा लेख मराठीत लिहायला घेतला आणि शब्दांपाशीच अडले. 'करिअर'ला 'कारकीर्द' लिहिलं, तर आजोबा म्हणाले, "कारकीर्द राजाची असते गो. तुझी अजून सुरू व्हायचीय."

दुसरी अडचण मोठी आहे. आम्हाला वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात नेलं होतं. तिथे एक ताई बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्यांत नमुने भरून यंत्रात लावत होती आणि पडद्यावर उमटणारे उंचवटे तपासत होती. तिच्या ओळखपत्रावर 'एक्झिक्युटिव्ह'. शेजारच्या खोलीत नुसते कागद वाचत बसलेला दादा, तोही 'एक्झिक्युटिव्ह'. शब्दकोशातलं 'कार्यकारी' लिहिलं तर माझ्या मैत्रिणींना काय कळणार?

फोंड्याहून :

बाय, आजोबांचं बरोबर आहे. 'कारकीर्द' फारसीतून आला आणि मराठीत तो बहुतेक मागे वळून बघताना वापरतात. भाऊसाहेब बांदोडकरांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द १९७३ साली त्यांच्या निधनाने संपली, असं आपण म्हणतो. विशीतल्या मुलीला 'तुझी कारकीर्द काय?' असं कुणी विचारत नाही. 'करिअर' पुढे बघणारा शब्द आहे. त्याच्या मुळाशी गाडीघोडे धावायची वाट आहे. तो तसाच ठेव, मराठीत पुरता रुळलाय.

मला स्वतःला 'व्यवसाय' फार आवडतो. आज त्याचा अर्थ धंदा असा उरलाय, पण संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ज्यांचा निश्चय झालेला नाही त्यांची बुद्धी 'बहुशाखा' असते असं म्हटलंय. बारावीनंतर कुठली 'शाखा' घ्यावी म्हणून घरोघरी जे चालतं, ते आठवून बघ.

आता पदांच्या नावांबद्दल. आपल्याकडच्या जुन्या नावांतून माणूस काय करतो ते लगेच कळायचं. पदेर म्हणजे पाव भाजणारा, पोर्तुगीज 'पादेइरो'वरून. तारवटी म्हणजे तारवावर, जहाजावर काम करणारा. पण सगळीच नावं अशी सरळ नसतात. रेंदेर माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढतो, आणि त्या नावाच्या मुळाशी मात्र खंड भरणारा माणूस आहे. 'प्यून' पोर्तुगीज 'पिआंव'वरून आला, म्हणजे पायदळातला शिपाई. आपण त्याला मराठीत 'शिपाई'च म्हणतो, तोही फारसीतला सैनिक. दोन भाषांतले दोन सैनिक शेवटी एकाच कचेरीच्या दाराशी फायली घेऊन उभे राहिले! आणि पायलट? मुंबईत तो विमान चालवतो. पणजीच्या बसस्टँडवर पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर तुला मागे बसवून नेतो तोही पायलटच, आणि ते नाव त्याने कष्टाने मिळवलंय.

तेव्हा 'एक्झिक्युटिव्ह'चं भाषांतर करू नको. तो हुद्दा आहे, काम नव्हे. हुद्दा म्हणजे पायरी, पद म्हणजे जागा, आणि काम म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातून होतं ते. मुलं जाहिरातीत पायरीचं नाव वाचतात आणि तेच काम समजतात. पहिल्या नोकरीत रडत घरी आलेले माझे कितीतरी विद्यार्थी याच घोटाळ्यात सापडले होते. तू पाहिलंस तेच लिही.

वेर्ण्याहून :

सरांशी सहमत. मी अशाच एका प्रयोगशाळेत सात वर्षं आहे. आम्ही एकमेकांना 'तू काय आहेस' असं विचारत नाही, 'तू कशात आहेस' असं विचारतो. क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल), क्यूएत (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स), प्रॉडक्शनमध्ये, रेग्युलेटरीत. ट्रेनी, ऑफिसर, एक्झिक्युटिव्ह, मॅनेजर या सगळ्यांतल्या पायऱ्या. तुम्ही पाहिलेली ताई क्यूसीतली : औषधात जे आणि जेवढं असायला हवं ते आहे का, हे ती एचपीएलसी यंत्रावर, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासते. कागद वाचणारा दादा बहुधा क्यूएतला : सगळं काम ठरवून दिलेल्या पद्धतीनेच झालं का, हे तो नोंदींवरून बघतो. एकीला यंत्राची ओढ हवी, दुसऱ्याला एकेक ओळ वाचायचा धीर. मी पहिली दोन वर्षं क्यूएत काढली आणि मग मागून घेऊन क्यूसीत आले. हा फरक मला कॉलेजात कुणी सांगितला असता तर ती दोन वर्षं वाचली असती, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

डिचोलीहून :

सर, ताई, खूप आभार. लेख बदलला. आता प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात 'कशात?' या प्रश्नाने केलीय आणि हुद्दे शेवटी एका ओळीत टाकलेत. आजोबांना वाचून दाखवला, त्यांना 'नमुने तपासणारी' हा शब्द पटला. 'रेग्युलेटरी'पाशी मात्र अजून अडलेय. 'नियामक' लिहिलं की पुन्हा तेच, कुणाला कळत नाही.

वेर्ण्याहून :

ज्या देशात औषध विकायचं त्या देशाच्या परवानगीसाठी कागदपत्रं तयार करणारे लोक ते. 'परवान्याचं काम' लिहा. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर तेच म्हणतात.