डीएच३६ ऐवजी एस३५५जे२ चालेल का?

डीएच३६ म्हणजे जहाजबांधणीच्या प्लेटची ग्रेड, एस३५५जे२ म्हणजे युरोपीय मानकातलं साधं स्ट्रक्चरल स्टील. पाटलांनी इथे आधी लिहिलंय की दोन्हींची यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं तो) ३५५ मेगापास्कल, दोन्हींची इम्पॅक्ट टेस्ट (थंड तुकडा हातोड्याच्या घावाने तोडून बघणं) उणे २० अंशांवर, म्हणजे माल एकच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या बहुतेक शॉपमध्ये हेच ऐकायला मिळतं. पण पाटीलसाहेब, तापमान सारखं असलं तरी ज्यूल, म्हणजे तुकडा तुटताना किती ऊर्जा झेलतो, ते बघा की! जे२ ला २७ ज्यूल पुरतात, डीएच३६ ला ५० मिमीपर्यंत लांबीच्या दिशेने ३४ लागतात, आणि जाडी त्यापुढे गेली की आणखी जास्त. यील्डचंही तसंच. एस३५५ मध्ये १६ मिमी जाडीच्या वर ३५५ चं ३४५ होतं, जहाजाच्या प्लेटला ही सवलत नाही.

क्लासच्या, म्हणजे जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या, आपसातल्या ग्रेडचं मात्र फार डोकं खायला नको. एबीएस, लॉइड्स, आपलं आयआरएस, सगळ्यांचं एएच३६ आयएसीएसच्या (या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) डब्ल्यू११ नियमावरच बेतलेलं. जपानी एनके त्यालाच केए३६ म्हणतं. ग्रेडमधलं पहिलं अक्षर इम्पॅक्ट टेस्टचं तापमान सांगतं: ए, डी, ई, एफ म्हणजे शून्य, उणे २०, उणे ४०, उणे ६० अंश.

खरी अडचण कागदाची. मिलचं ३.१ सर्टिफिकेट (कारखान्याने स्वतःच दिलेला तपासणीचा दाखला) कितीही चांगलं असलं तरी प्लेटवर क्लासचा शिक्का नसेल तर गोव्याच्या यार्डातला सर्व्हेअर ती बाजूलाच काढणार. आणि गॅस कटिंगआधी हीट नंबर (प्लेट ज्या वितळणीतली आहे तिचा क्रमांक) उरलेल्या तुकड्यावर पंच करून घ्या, तोही सर्व्हेअरसमोर. नाहीतर महागडी प्लेट शेवटी ट्रॉलीच्या चासीला जाते. ड्रॉइंगवर डीएच३६ असेल तर बदलाची लेखी परवानगी आधी, खरेदी नंतर.