डेट्रॉइट लायन्स: चाली ठरवणारा गेल्याने किती बिघडतं?
अमेरिकन फुटबॉलमधलं चार डाऊन, दहा यार्ड एवढं कळतं, नियम नकोत. इतिहासही वाचलाय: शेवटचं विजेतेपद 1957 चं, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, एकदाही गाठला नाही, 2008 मध्ये तर सोळाच्या सोळा सामने हरले. मग मुख्य प्रशिक्षक म्हणून डॅन कॅम्पबेल आले आणि 2024 च्या हंगामात 15 विजय, 2 पराभव! प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) मात्र वॉशिंग्टनने घरच्या मैदानावर 45-31 असं लोळवलं. (ऑफिसात दोन दिवस सुतक.) लगेच आक्रमणाचे सूत्रधार बेन जॉन्सन शिकागोला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. आकड्यांचे तक्ते चाळले, उलगडा होत नाही. गॉफ, सेंट ब्राउन, गिब्ज हे आक्रमणातले खेळाडू तेच असताना चाली ठरवणारा बदलला तर नेमकं काय बदलतं, आणि सामना बघताना ते कुठे दिसतं?