‘ओळख पटवणे’ की ‘रचना ठरवणे’? नव्या कृत्रिम कॅनाबिनॉइडांच्या निमित्ताने

जप्त केलेल्या अमली पदार्थांच्या रासायनिक तपासणीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. विषय कृत्रिम कॅनाबिनॉइडांचा, म्हणजे शरीरात गांजासारखं काम करणाऱ्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनांचा. ‘आयडेंटिफिकेशन’ हा शब्द दर दोन ओळींनी येतो. मी सरसकट ‘ओळख पटवणे’ लिहिलं, पण ‘प्रयोगशाळेने नव्या कृत्रिम कॅनाबिनॉइडची ओळख पटवली’ हे वाक्य काही केल्या नीट बसत नाही. चूक कुठे आहे? शिवाय वर्तमानपत्रांतल्याप्रमाणे ‘कृत्रिम गांजा’ म्हटलं तर चालेल का?

———

तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. ‘ओळख पटणे’ आपण कुठे वापरतो ते पाहा. मृतदेहाची ओळख पटते, चोरीच्या दागिन्यांची पटते. दोन्ही ठिकाणी पूर्वी पाहिलेलं कुणीतरी असतं. पटवायला आधीची ओळख लागते. जो रेणू याआधी कुणाच्या हातात आलेलाच नाही, त्याची ओळख पटवणार कशाशी?

प्रयोगशाळेतलं रोजचं काम मात्र खरोखर ओळख पटवण्याचंच असतं. नमुना गॅस क्रोमॅटोग्राफमधून (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (वस्तुमान मोजणारं यंत्र) जातो, रेणूचे तुकडे होतात आणि तुकड्यांच्या वस्तुमानांचा आलेख साठवलेल्या आलेखांशी ताडून पाहतात. जेडब्ल्यूएच-०१८ हा कृत्रिम कॅनाबिनॉइड घ्या. रेणूचं वस्तुमान 341, आणि तुकड्यांमध्ये नॅफ्थॉइल गटाचा 155 आणि त्यातून पुढे निघणारा 127. हा आलेख आणि क्रोमॅटोग्राफच्या स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ, दोन्ही प्रमाण नमुन्याशी (त्याच पदार्थाच्या खात्रीच्या नमुन्याशी) जुळली की ‘ओळख पटली’ म्हणायला काहीच हरकत नाही.

नव्या पदार्थाचा आलेख संग्रहात नसतो, प्रमाण नमुनाही मिळत नाही. तेव्हा उच्च विभेदनाच्या मास स्पेक्ट्रोमीटरने अचूक वस्तुमान मोजून रेणुसूत्र काढतात आणि एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकं तपासण्याची पद्धत) कोणता अणू कुणाच्या शेजारी आहे ते पाहतात. याला ‘रचना ठरवणे’ किंवा ‘रचनानिश्चिती’ म्हणावं. नुसत्या वस्तुमानावर विसंबता येत नाही, कारण समघटक (अणू तेच, मांडणी वेगळी असे रेणू) फसवतात. एएम-२२०१ या दुसऱ्या कॅनाबिनॉइडमध्ये पाच कार्बनांच्या शेपटीच्या टोकाला फ्लोरिन असतो. तो एक घर आत सरकला तरी वस्तुमान तेच राहतं आणि तुकड्यांचा आलेखही जवळजवळ तसाच येतो.

‘आयडेंटिफिकेशन’ची तिसरी छटा ‘आढळणे’. तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि तिच्यामुळेच सगळ्यात मोठे घोटाळे होतात. गांजासाठीची लघवीची नेहमीची झटपट चाचणी टीएचसीपासून (गांजातलं नशा आणणारं रसायन) शरीरात तयार होणाऱ्या द्रव्यासाठी बेतलेली असते. ती कृत्रिम कॅनाबिनॉइडांना दाद देत नाही. त्यातच मूळ रेणू शरीरात मोडून जातो, म्हणून लघवीत त्याची चयापचयजं शोधावी लागतात. अहवालात ‘आढळला नाही’ असेल तिथे अनुवादात ‘नव्हता’ असं चुकूनही येऊ देऊ नका. या एका शब्दावर कुणाचा तरी खटला उभा असतो.

———

‘कृत्रिम गांजा’ला माझा सक्त विरोध. 1964 साली ज्याची रचना कळली ते टीएचसी म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, बस. जेडब्ल्यूएच-०१८ च्या गाभ्यात इंडोल आहे, म्हणजे नायट्रोजन आला. दोघांत साम्य आहे ते इतकंच की दोघंही शरीरातल्या एकाच ग्राहीवर (रिसेप्टरवर) जाऊन बसतात. नाव कामावरून पडलंय, रूपावरून नाही. क्लेम्सन विद्यापीठातल्या जॉन हफमन यांनी हे रेणू त्या ग्राहीच्या अभ्यासासाठी बनवले होते; जेडब्ल्यूएच ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. 2008 च्या अखेरीस जर्मनीत ‘स्पाइस’ नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये जेडब्ल्यूएच-०१८ सापडलं. पुडीतला पाला निरुपद्रवी वनस्पतीचा, वर अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवलेलं रसायन फवारलेलं. गांजा म्हटलं की वाचणाऱ्याला परिणामही गांजाइतकाच वाटतो. यांतले कितीतरी रेणू टीएचसीपेक्षा अनेक पटींनी जोरकस आहेत आणि त्यांनी माणसं दगावली आहेत. ‘कृत्रिम कॅनाबिनॉइड’च ठेवा, शब्द बोजड झाला तरी चालेल.

आणि कृपया ‘न्यायवैद्यक’ नको. ते वैद्यकाचं, शवविच्छेदनाचं क्षेत्र. इथे ‘न्यायसहायक रसायनशास्त्र’.

———

फार मदत झाली. आणखी एक अडचण: लेखात एडीबी-ब्युटिनाका, एमडीएमबी-४एन-पिनाका अशी नावं आहेत. यांचं काही करायचं का?

———

भाषांतर करू नका, पण एकदा फोड करून दाखवा. हे नाव म्हणजे रेणूचा नकाशाच आहे: गाभा, शेपूट, सांधा आणि सांध्याला जोडलेला गट. ‘पिनाका’त प म्हणजे पेंटाइल शेपूट, ‘इन’ म्हणजे इंडाझोल गाभा, उरलेलं कार्बोक्सामाइड सांध्यासाठी. ‘ब्युटिनाका’त शेपूट ब्युटाइल, म्हणजे एका कार्बनने आखूड. पुढचं ‘एडीबी’ किंवा ‘एमडीएमबी’ हा जोडलेला गट. ‘४एन’ म्हणजे शेपटीत चौथ्या कार्बनापासून दुहेरी बंध. एका रेणूवर बंदी आली की यांतला एखादा भाग बदलून पुढचा बाजारात येतो, हेही वाचणाऱ्याला या नावांतूनच दिसेल.

———

मग वाक्य असं केलं: ‘संग्रहातल्या कोणत्याही आलेखाशी न जुळणारा एक कृत्रिम कॅनाबिनॉइड नमुन्यात आढळला; एनएमआरने त्याची रचना ठरवण्यात आली, आणि प्रमाण नमुना तयार झाल्यावर इतर जप्तींमध्येही त्याची ओळख पटली.’ मूळ लेखात या तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे.