ब्रुनेई: कर नाही, कर्ज नाही, मग तरुणांना काम का नाही?

कुतूहल (प्रश्न)

नमस्कार. छोट्या तेलसंपन्न देशांविषयी वाचताना मी सध्या ब्रुनेईपाशी अडलो आहे. बोर्निओच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा देश अवघा ५,७६५ चौरस किलोमीटरचा असून लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे. नागरिकांना आयकर नाही, खरेदीवर विक्रीकर नाही, शिक्षण विनामूल्य आहे आणि सरकारी दवाखान्यात एक ब्रुनेई डॉलर भरला की तपासणी होते. परकीय कर्जही जवळजवळ नाही. असे असूनही २०१७ च्या श्रमशक्ती पाहणीत बेरोजगारी ९.३ टक्के निघाली आणि तरुणांमधली तर त्याहून बरीच अधिक होती. ‘वावासान २०३५’ या आराखड्याच्या नावाने सरकारही तेलावरची भिस्त कमी करण्याविषयी बरीच वर्षे बोलत आहे.

माझ्या शंका दोन आहेत. तेल खरोखरच संपत आले आहे का? आणि तसे नसेल, तर एवढा पैसा असलेल्या देशात इतक्या थोड्या तरुणांना सामावून घेणे का जमत नाही? ‘डच आजार’ हे उत्तर सगळीकडे मिळते, पण ते मला इथे बसत नाही. तेलाचा उद्योग जादा पगार देऊन इतर उद्योगांतली माणसे ओढून घेतो, असे तो सिद्धांत सांगतो; तेल आणि वायूच्या उद्योगाला तर मुळात माणसेच थोडी लागतात.

जमाखर्च

पहिल्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे, परंतु त्याने निश्चिंत व्हावे असे काही नाही. सेरिया येथे १९२९ साली तेल सापडले, १९६३ मध्ये समुद्रातले साउथ वेस्ट आम्पा क्षेत्र हाती लागले, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिवसाला सुमारे अडीच लाख बॅरल तेल निघू लागले. तो कळस होता. आता उत्पादन लाखाच्या आसपास आहे. काही वर्षांपूर्वीच्या जागतिक आकडेवारीनुसार सिद्ध साठे सुमारे ११० कोटी बॅरल होते, म्हणजे रोज एक लाख या हिशेबाने तीस वर्षांचे तेल. मात्र हा भागाकार फसवा आहे. क्षेत्र म्हातारे झाले की तेलाबरोबर पाणी अधिक येते, समुद्रातले जुने सांगाडे दुरुस्तीसाठी वारंवार बंद ठेवावे लागतात, आणि दर बॅरलमागचा खर्च वाढत जातो. त्यामुळे तेल संपण्याच्या कितीतरी आधी त्यातून सरकारला उरणारा पैसा आटू लागतो.

वायूकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण ब्रुनेईला तेलाचा देश म्हणण्याची सवय असली तरी त्याचा अर्धा संसार द्रवरूप वायूवर चालतो. लुमुत येथील प्रकल्पातून १९७२ मध्ये जपानला पहिले जहाज गेले, आणि त्या व्यवहाराचा करार वीस वर्षांचा होता. १९९३ मध्ये तो पुन्हा वीस वर्षांसाठी झाला. २०१३ मध्ये मात्र दहाच वर्षांसाठी. जुन्या गिऱ्हाइकाने मुदत निम्मी केली, ही गोष्ट मला साठ्याच्या कोणत्याही आकड्याहून बोलकी वाटते.

आता दुसरी शंका. डच आजाराविषयीचा तुमचा आक्षेप बरोबर आहे, परंतु ‘तेलाचा उद्योग’ या शब्दांच्या जागी ‘सरकार’ हा शब्द ठेवून पाहा, म्हणजे सिद्धांत बराचसा जुळेल. तेलाचा पैसा कामगारांच्या हातात थेट जात नाही. तो आधी सरकारकडे जातो. ब्रुनेई शेल पेट्रोलियम या कंपनीत निम्मा हिस्सा सरकारचा आहे, वायूप्रकल्पातही निम्मा, आणि तेलकंपन्यांच्या नफ्यावर ५५ टक्के कर आहे, तर इतर कंपन्यांना तो १८.५ टक्के लागतो. नागरिकांपर्यंत तो पैसा पोहोचवण्याची मुख्य वाट म्हणजे सरकारी नोकरी. पगार निश्चित, कामाचे तास निश्चित, घरासाठी कर्जाची सोय, आणि समाजात मान. अशा नोकरीशी दुकानदाराने किंवा लहान कारखानदाराने स्पर्धा कशी करावी? तो परदेशांतून कामगार आणतो आणि त्यांना नागरिक स्वीकारणार नाही असे वेतन देतो. त्यामुळे तेथे कामगारांच्या एका बाजारपेठेच्या जागी दोन तयार झाल्या आहेत, आणि एकीतून दुसरीत सहसा कोणी जात नाही. बेरोजगार तरुण बहुधा पहिल्या बाजारपेठेच्या दाराशी उभा असतो. त्याला वाट पाहणे परवडते, कारण घरात कोणीतरी आधीच सरकारी नोकरीत असते.

दर्यावर्दी

तेलसेवा पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी बेलाइत जिल्ह्यात काही वर्षे नोकरी केली आहे, त्या अनुभवावरून थोडी भर घालतो आणि एका मुद्द्यावर असहमतीही नोंदवतो.

सेरियामध्ये तेल लपून राहत नाही. रस्त्याच्या कडेला, घरांच्या मागे, गवतात, डोके खालीवर करणारे पंप संथपणे चालू असतात आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. गावाजवळच किनाऱ्यावर अब्जाव्या बॅरलचे स्मारक आहे. त्या क्षेत्रातून १९९१ मध्ये अब्जावे बॅरल निघाले, त्याची ती खूण. एवढे सगळे असूनही कुआला बेलाइतच्या बाजारात बऱ्याच दुकानांना कुलपे दिसत, आणि त्याचे कारण सुट्टीच्या दिवशी सुंगाई तुजुहच्या सीमानाक्यावर गेले की समजे. पलीकडे मलेशियाच्या सारावाक राज्यातले मिरी शहर आहे. अनुदानामुळे ९७ ऑक्टेनचे पेट्रोल लिटरला ५३ सेंट आणि डिझेल ३१ सेंट, त्यामुळे टाकी भरून निघायचे, मिरीत किराणा, कपडे, जेवण, गाडीची दुरुस्ती उरकायची आणि डिकी भरून परतायचे. तासन्‌तास रांगेत उभे राहण्याची तयारी असलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. ब्रुनेईत मिळालेला पगार त्या दिवशी मिरीत खर्च होतो, आणि मग ब्रुनेईतल्या दुकानदाराने नोकर तरी कोणाच्या जोरावर ठेवावा?

असहमती अशी की, ‘वाट पाहणे परवडते’ या वाक्यातून तरुण आळशी आहेत असा अर्थ काढला जाऊ नये. आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या पदवीधरांना २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘आय-रेडी’ योजनेतून सरकार महिना ८०० डॉलर भत्ता देत असे. ती मुले कामात चोख होती. मुदत संपल्यावर मात्र कंपनीला नव्याने शिकाऊ उमेदवार मिळत, मग जुन्याला पूर्ण पगारावर कायम करण्याची घाई कोणाला असणार! किमान वेतनाचा नियमही २०२३ च्या जुलैपर्यंत नव्हता. तो आला तेव्हा महिना ५०० डॉलर ठरला आणि पहिल्या टप्प्यात बँका व वित्तसंस्था आणि माहिती-तंत्रज्ञान एवढ्यापुरताच लागू झाला. भत्ता ८०० आणि किमान वेतन ५००, हे दोन आकडे शेजारी ठेवले तर तरुणाचा हिशेब सरळ आहे.

नाणेघाट

मिरीच्या रांगेमागे पेट्रोलच्या अनुदानापेक्षा मोठे कारण चलनाचे आहे, ते या चर्चेत अद्याप आले नाही. १९६७ च्या करारापासून ब्रुनेई डॉलर आणि सिंगापूर डॉलर यांची किंमत एकास एक आहे, आणि एका देशाची नोट दुसऱ्या देशात त्याच किमतीला स्वीकारली जाते. सिंगापूरचे नाणेधोरण महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी आपला डॉलर बळकट ठेवते. निर्यातक्षम कारखाने, बंदर आणि बँका असलेल्या सिंगापूरला ते पेलते. ब्रुनेईकडे त्यातले फारसे काही नसताना चलन मात्र तेच आहे, आणि म्हणून एका डॉलरला तीनहून अधिक मलेशियन रिंगिट मिळत असताना सीमेपलीकडची प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक मजूर स्वस्त दिसतो. तेलाचे भाव पडले की तेलावर जगणाऱ्या बहुतेक देशांचे चलन घसरते आणि त्यातून इतर उद्योगांना थोडा वाव मिळतो. २०१४ च्या उत्तरार्धात भाव कोसळले तेव्हा ब्रुनेईत ही झडप उघडलीच नाही. सगळा भार अर्थसंकल्पावर पडला आणि पुढची काही वर्षे तुटीत गेली.

तरीही हा करार मोडावा असे मी म्हणणार नाही. जवळपास सर्व अन्नधान्य बाहेरून आणणाऱ्या देशाला स्थिर चलन म्हणजे स्थिर भाव. ऑस्ट्रेलियातले विलेरू हे गुरांचे कुरण एके काळी ब्रुनेई सरकारच्या मालकीचे होते आणि ते खुद्द ब्रुनेईहून किंचित मोठे होते, यावरून अन्नाबाबतची त्यांची काळजी लक्षात यावी.

कुतूहल

सर्वांचे आभार, दोन बाजारपेठांची मांडणी मला पटली. एक उपप्रश्न विचारतो. पुलाउ मुआरा बेसार या बेटावर २०१९ पासून मोठा शुद्धीकरण कारखाना चालू झाल्यावर ब्रुनेईच्या निर्यातीचे आकडे एकदम फुगले आहेत, आणि त्यात कच्च्या तेलाचा व वायूचा वाटा खाली आला आहे. याला तेलावरचे अवलंबित्व कमी होणे म्हणावे का? आणि समजा म्हणता येत नसेल, तर करमुक्ती आणखी किती वर्षे टिकेल याचा काही अंदाज बांधता येतो का?

जमाखर्च

निर्यातीचा आकडा पाहताना त्याच्या शेजारचा आयातीचा आकडाही पाहावा लागतो. हेंगयी या चिनी समूहाचा त्या कारखान्यात ७० टक्के आणि ब्रुनेई सरकारच्या कंपनीचा ३० टक्के हिस्सा आहे. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ८० लाख टन, म्हणजे दिवसाला साधारण एक लाख साठ हजार बॅरल. देशाच्या स्वतःच्या उत्पादनापेक्षा ही भूक मोठी असल्यामुळे कच्चे तेल मुख्यतः जहाजांनी बाहेरून येते, पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन आणि पॅराझायलिन (कृत्रिम धागे व प्लास्टिकसाठी लागणारे रसायन) होऊन पुन्हा बाहेर जाते. देशात उरते ती प्रक्रियेतली भर, आणि तीही जागतिक बाजारात कच्च्या व शुद्ध तेलाच्या भावांत जेवढा फरक असेल तेवढीच. सुंगाई लियांगला २०१०चा मिथेनॉल प्रकल्प आणि २०२२चा युरिया प्रकल्प यांत भर अधिक आहे, कारण कच्चा माल त्यांचा स्वतःचा नैसर्गिक वायू आहे. पण मग वायू आटला की तेही अडचणीत. शिवाय या कारखान्यांत यंत्रे फार आणि माणसे थोडी, म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नातली बेरोजगारी त्यांनी थोडीच हलते. २०१७ नंतर बेरोजगारीचा दर खाली आला आहे हे मान्य, परंतु नव्या नोकऱ्या कोणत्या पगाराच्या आहेत हे पाहिल्याखेरीज त्याचे श्रेय या प्रकल्पांना देण्यास मी कचरेन.

करमुक्तीबाबत अंदाज बांधणे अवघड आहे आणि अडचण हिशेबाच्या कौशल्याची नाही. तूट भरून निघते ती राखीव गंगाजळीतून. ही गंगाजळी १९८३ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, स्थापन झालेली ब्रुनेई इन्व्हेस्टमेंट एजन्सी सांभाळते, आणि तिच्याकडे एकूण किती मालमत्ता आहे हे जाहीर केले जात नाही. नॉर्वेचा तेलाच्या पैशांचा निधी कोणत्या कंपनीत किती समभाग आहेत इथपर्यंत सर्व छापतो. ब्रुनेईत सुलतान हसनल बोल्किया हेच देशाचे पंतप्रधान आणि अर्थमंत्री आहेत आणि प्रश्न विचारू शकेल असे निवडून आलेले सभागृह नाही. या बंदिस्तपणाची किंमत त्यांनी एकदा मोजली आहे. सुलतानांचे धाकटे बंधू प्रिन्स जेफ्री हे १९९७ पर्यंत अर्थमंत्री होते. १९९८ मध्ये त्यांचा अमेदेओ हा समूह कोसळला, निधीतून सुमारे १,५०० कोटी अमेरिकी डॉलर वळवल्याचा आरोप सरकारने न्यायालयात केला आणि त्यांनी तो नाकारला. प्रकरण अनेक वर्षे चालले, आणि २००१ मध्ये समूहाचे सामानसुमान लिलावात निघाले. इतकी मोठी खळबळ होऊनही शिलकीचा आकडा लोकांसमोर आला नाही.

नाणेघाट

कर येणारच नाहीत असे धरून चालू नये. ते दुसऱ्या नावाने येत आहेत. २०१७ पासून साखरयुक्त पेयांवर अबकारी शुल्क आहे. निवृत्तिवेतनाची पूर्वीची पद्धत सरकारी खर्चाने चालणारी होती. १९९३ पासून नोकरीत येणाऱ्यांसाठी ती जाऊन अंशदानाची पद्धत आली, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या नव्या योजनेत कामगार वेतनाच्या ८.५ टक्के भरतो आणि मालकही आपला वाटा भरतो. साठ वर्षांवरील सर्वांना दरमहा वृद्धवेतन मिळते त्याला अजून कोणी हात लावलेला नाही, आणि पेट्रोलच्या ५३ सेंटनाही. माझ्या मते यांपैकी पेट्रोलचा भाव आधी बदलेल, कारण सरकारला त्यात वर्षागणिक किती पैसे जातात हे मोजता येते आणि मोठा लाभ मोठ्या गाड्या असलेल्यांनाच होतो. तो बदलल्यावर मिरीची रांग कमी होईल की वाढेल, याचे उत्तर दर्यावर्दी यांनीच द्यावे.

दर्यावर्दी

पेट्रोल मलेशियाच्या भावाला आले तरी रांग फारशी हलणार नाही. टाकीमागे वाचणाऱ्या दहा-वीस डॉलरसाठी कोणी सीमा ओलांडत नाही. ते डिकीतल्या किराण्यासाठी आणि तीन रिंगिटांसाठी जातात.