स्विफ्ट डिझेल २०१३: सकाळी चार सेकंद खडखड, घाटात काळा धूर. इंजिन उघडायचं का?

माणगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीडीआय, २०१३ ची, १ लाख ४२ हजार किमी. दोन वर्षांपूर्वी मावसभावाकडून घेतली. मी जि.प. शाळेत शिकवते, घर म्हसवडला आणि शाळा नऊ किलोमीटरवर. रोजचे अठरा किमी, शिवाय महिन्यातून एखादी साताऱ्याची फेरी.

दिवाळीनंतर थंडी पडली तसा सकाळी गाडी चालू केली की खडखड आवाज येऊ लागला. मोबाइलवर मोजला, साडेतीन-चार सेकंद. मग थांबतो, दिवसभर पुन्हा येत नाही. दुसरं, गेल्या आठवड्यात वर्धनगडचा घाट चढताना गाडी उठेचना. तिसऱ्या गिअरवर पाय पूर्ण दाबला तरी फुस्स असा शिट्टीसारखा आवाज, आणि मागे काळा धूर. मागच्या एसटीवाल्याने हॉर्न वाजवून जीव नकोसा केला.

गॅरेजमध्ये दाखवली. म्हणाले, इंजिन उघडावं लागेल, चेन, नॉझल, टर्बो सगळं बघू, साठ हजार धरून चाला. घरचे म्हणतात देऊन टाक. मला गाडी आवडते. खरंच एवढं काम आहे का?

रांजणगाव_शिफ्टवाला:
ताई, निर्णय कसाही घ्या, पण गाडीत काय बसलंय ते तरी ऐका. इंजिन फियाटचं, १.३ मल्टिजेट. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, डोक्यावर ते उघडणारे दोन कॅम. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी. २००३ मध्ये युरोपात आलं, २००७ च्या जानेवारीत स्विफ्टमधून आपल्याकडे. मग डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया... डिझेल छोटी गाडी म्हटली की बॉनेटखाली हेच. कोणी त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे ते उगाच नाही.

तुमच्यातलं ७५ पीएसचं, ४००० आरपीएमला, आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क २००० ला. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, साधा, पाती न हलणारा. अर्टिगा, सियाझमध्ये ९० पीएसचं आलं त्यात हलत्या पात्यांचा टर्बो, म्हणून ते खालून लवकर उठतं.

आणि एक गंमत. २०१२ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या भावात एवढी दरी होती की लोक डिझेल स्विफ्टसाठी महिनोन्‌महिने थांबायचे. तेव्हा मारुतीने फियाटशी वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घेण्याचा करार केला, ती आमच्या रांजणगावच्या प्लांटमधून जायची. तुमची २०१३ ची आहे म्हणजे कदाचित तुमचं इंजिन आमच्याच गेटातून बाहेर पडलं असेल. मी तेव्हा तिथेच ठेकेदाराकडे होतो. म्हणून जरा जीव अडकतो.

वाईकर_८२:
प्रॅक्टिकल बोलतो, राग नको. तेरा साली घेतलेली डिझेल, दोन वर्षांत पंधरा वर्षांचं पासिंग संपतंच. रोज अठरा किलोमीटरला डिझेल कशाला? सीएनजी घ्या, मोकळे व्हा.

उद्यमनगर_फिटर:
मॅडम, साठ हजाराला अजून हात लावू नका. मी कोल्हापुरात उद्यमनगरला एकोणीस वर्षं गाड्या उघडतोय, त्यातली निम्मी याच १.३ च्या आत गेली.

तुम्हाला दोन वेगळे आजार आहेत. ते एकत्र केले की बिल मोठं होतं.

आधी खडखड. खालचा क्रँक आणि वरचे कॅम एका तालात फिरवायला या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल उतरतं. सकाळी सेल मारला की पंपाने ऑइल वर ढकलून टेन्शनर फुगेपर्यंत चेन ढिली आपटते. आवाज एक सेकंदाचा असेल तर मी चहाचा कप पण खाली ठेवत नाही. चार सेकंद म्हणजे ऑइल तिथवर उशिरा पोचतंय. ऑइल जाड झालंय, नाहीतर घाण झालंय, नाहीतर टेन्शनरच थकलाय. तुम्ही असं करा: गाडी पंधरा-वीस किलोमीटर पळवून गरम करा, बॉनेट उघडा, गिअरबॉक्सच्या विरुद्ध बाजूला कान द्या. गरम इंजिनलाही साखळी फरफटल्यासारखा आवाज येत असेल तर चेन ताणली समजा. स्कॅनर लावून कॅम आणि क्रँक जुळत नाहीत असा कोड येतो का तेही बघायला सांगा. दोन्ही नसेल तर घाई नाही.

पण घाई नाही म्हणजे दुर्लक्ष नव्हे बरं का. गडहिंग्लजकडची एक डिझायर टोचन करून आली होती माझ्याकडे. मालक म्हणाला, महिनाभर वाजत होती, मी गाण्याचा आवाज वाढवला. चेनने दात सोडले होते. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर सोळापैकी अकरा तुटलेले, दोन व्हॉल्व्ह वाकलेले. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, खोललं तर आत ऑइल नव्हतं, डांबर होतं. शेवटचं ऑइल कधी बदललं विचारलं तर भाऊ बायकोकडे बघायला लागला.

म्हणून माझा खरा प्रश्न तुम्हाला: ऑइल कुठलं आहे आणि कधी टाकलं?

आता धूर. फुस्स आणि काळा धूर एकत्र, तोही चढाला, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा वाटेत सुटतेय. टर्बोकडून इंटरकूलरला (तो ही हवा गार करतो) आणि तिथून इंजिनला जाणारे रबरी होज पाइप असतात. ते आत ऑइलच्या वाफेने फुगतात आणि क्लॅम्पपाशी चिरतात. सेन्सरने हवा मोजून तेवढं डिझेल सोडलं, पण हवा बाहेर गेली, मग ते जळणार कसं? तोच तुमचा धूर. सपाटीला, दोन हजार आरपीएमच्या खाली, काही कळत नाही, कारण तिथे या गाडीचा टर्बो तसाही झोपलेला असतो. (ते झोपणं आजार नव्हे. सगळे म्हणतात पिकअप नाही, आणि गिअर टाकायचा कंटाळा करतात.) पाइपावर हात फिरवा. एका जागी तेलकट काळं, बाकी धुळीने कोरडं, तर तिथेच चीर. बऱ्याचदा ती खालच्या अंगाला असते, वरून दिसत नाही, आरसा धरावा लागतो.

पाइप धड निघाला तर ईजीआर व्हॉल्व्ह बघा, जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा. रोज नऊ-नऊ किलोमीटर म्हणजे इंजिन धड गरमही होत नाही. सायलेन्सरकडची काजळी आणि ब्रीदरची तेलकट वाफ मिळून आत लगदा साचतो, व्हॉल्व्ह अर्धा उघडा अडकतो. काढून साफ करायचा, नवीन घ्यायची गरज क्वचित पडते. तरी महिन्यातून एकदा चांगली तासभर हायवेला पळवत जा, वरच्या आरपीएमला.

आणि कोणी नॉझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, बदला म्हणालं तर आधी रिटर्नची टेस्ट मागा. चार नॉझलच्या रिटर्न पाइपा सलाइनच्या चार बाटल्यांत सोडायच्या, गाडी चालू ठेवायची. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा भसाभस डिझेल जमलं तर ते नॉझल गळतंय. चारही सारख्या भरल्या तर हात जोडून घरी या. नॉझलना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जातो हो, अंदाजाने कामं करायची जागा नाही ती.

माणगंगाकाठ:
काका, तुमच्या ऑइलच्या प्रश्नाने इथे घरात वाद झाला. सांगायला लाज वाटते. गेल्या वर्षी घरच्यांनीच बदललं, घरी. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रमातलं १५डब्ल्यू-४०. म्हणे डिझेल ते डिझेल. फिल्टर बदलला का तर "बहुतेक". त्यानंतर ११ हजार किमी झाले. गरम इंजिनचा आवाज मात्र मी स्वतः ऐकला, फरफट नाही.

रांजणगाव_शिफ्टवाला:
बहुतेक!! 😀

उद्यमनगर_फिटर:
हसू नका रे, माझ्या भावाने पण केलंय. ट्रॅक्टरचं ऑइल वाईट नसतं, पण त्या इंजिनासाठी असतं. माण तालुक्यातली डिसेंबरची पहाट, त्यात जाड ऑइल, वर जुना फिल्टर. टेन्शनरपर्यंत पोचायला त्याला चार सेकंद लागणारच. या इंजिनाला व्हॉल्व्ह सेटिंग करावं लागत नाही, तिथेही ऑइलच्याच दाबावरचे हायड्रोलिक टॅपेट आहेत. म्हणजे वरचं सगळं त्याच एका ऑइलवर.

आता सरळ करा. मी यात थंडीतही पातळ राहणारं ५डब्ल्यू-३० टाकतो, तुम्ही मॅन्युअलशी ताडून घ्या. तीन लिटरच्या आसपास बसतं. फिल्टर कागदी, प्लॅस्टिकच्या डब्यात असतो, झाकणाची रबरी रिंग नवीनच घाला नाहीतर तिथून पाझरेल. इंजिन गरम असताना ऑइल सोडा, अर्धा तास निथळू द्या. हे ऑइल फक्त दोन हजार किमी चालवा आणि पुन्हा बदला, म्हणजे आत राहिलेली घाण त्याच्याबरोबर निघेल. फ्लशिंगचं औषध ओतू नका. एवढ्या किलोमीटरला सुटलेला गाळ जाऊन ऑइल पंपाच्या खालच्या जाळीत बसला तर ऑइलचा दाबच जाईल. मग आवाज किती सेकंद येतो ते मोजून इथे लिहा. मोबाइलवर मोजलात ते फार आवडलं. नाहीतर लोक येऊन "कसातरीच वाजतंय" म्हणतात.

वाईकर_८२:
काका, चेन पण वाचली आणि वाद पण लागला 🙏 माझा सल्ला मागे घेतो. पासिंगचं मात्र खरं आहे, आरटीओत जाऊन आधी विचारून ठेवा.

माणगंगाकाठ:
तीन आठवड्यांनी लिहितेय, परीक्षा होत्या.

होज पाइप चिरलेलाच निघाला, इंटरकूलरकडच्या टोकाला, खालून, अगदी काकांनी सांगितलं तसा. आरशातच दिसला. दुसऱ्या गॅरेजमधल्या पोराने पाऊण तासात बदलला. परवा वर्धनगड तिसऱ्यावर चढले, धूर नाही. ईजीआर साफ करून घेतला, त्यातून निघालेलं बघून घरचे गप्प झाले. ऑइल, फिल्टर नवीन. फिल्टर "बहुतेक" बदललेला नव्हताच.

खडखड आता दीड सेकंद. गेली नाही, पण कमी झाली. स्कॅनरवर कोड नाही. नॉझलची बाटली टेस्ट केली, चारही सारख्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत चेनचं काम करून घ्यावं म्हणते, १ लाख ४५ हजारापर्यंत होतील तेव्हा. बरोबर आहे ना?

उद्यमनगर_फिटर:
बरोबर. दीड सेकंदाला सुट्टीपर्यंत थांबायला हरकत नाही, आवाज वाढला तर मात्र थांबू नका. नुसती चेन घालू देऊ नका. टेन्शनर, दोन्ही गाइड आणि दातेरी चक्रं एकत्रच घ्या, जुना टेन्शनर "चांगलाय" म्हणून परत बसवतात त्यांच्यापासून जपा. कॅम आणि क्रँक लॉक करायची पिन आहे का हे आधी विचारा. खडूच्या खुणेवर बसवणारा असेल तर गाडी माघारी आणा. आणि पुढचं कव्हर काढायला चेंबर उतरवावं लागतं. परत लावताना सिलिकॉन बोटभर फासू देऊ नका. जास्तीचं आत गळतं आणि जाळीत जाऊन बसतं. जाळी काढलेली असेल तेव्हाच बघून घ्या, आणि सुट्टीत काम झालं की फोटो टाका.