'व्हल्नरेबल' बाईला मराठीत काय म्हणायचं?

वाघूरकाठ
आशाताई आणि अंगणवाडीताईंसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. शहादा, धडगाव, चोपडा या भागांत वाटायची आहे. विषय: 'व्हल्नरेबल' बायकांना धोक्यात ढकलणारे सामाजिक आणि वैयक्तिक घटक. पहिल्याच ओळीत अडले. 'दुर्बल' लिहिलं तर एक ताई म्हणाल्या, "दिवसभर ऊस तोडते ती, दुर्बल कशानं?" 'असुरक्षित' म्हटलं की पडायला आलेली शाळेची खोली आठवते. सुचवा.

पांझरा
निराधार. रुळलेला शब्द आहे, उगाच नवे घडवू नका.

यावलचा
पांझराभाऊ, आमच्याकडे 'निराधार' हे आता नाम झालंय. "मावशीचं निराधार चालू झालं का?" म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये. त्यात विधवा बसते, घटस्फोटाची केस चालू असलेलीही बसते. पण नुसती माहेरी येऊन राहिलेली, कोर्टाची पायरीही न चढलेली बाई दाखवायला कागद कुठून आणणार? म्हणजे खरी निराधार तीच आणि 'निराधार' तिलाच नाही.

शेवभाजी_तिखट
बिचारी म्हणा की. बि-चारी, जिच्या दावणीला चारा नाही ती. आजोबा असंच सांगायचे.

जुनी_पोथी
आजोबांना नमस्कार, पण शब्द फारसी आहे, बेचारा. तिथे चारा म्हणजे उपाय. 'दुसरा चाराच नव्हता' म्हणतो त्यातला. आणि असे उसने शब्द घेण्यापेक्षा 'परित्यक्ता' काय वाईट? शुद्ध, नेमका.

अमळनेरची_लेक
नेमका कुठे? परित्यक्ता म्हणजे टाकलेली. कोणी टाकलं ते शब्दात येतच नाही, आणि विधवा त्यातून बाहेरच राहते. शिवाय गावात हा शब्द बोलतं कोण? आमच्या गल्लीत म्हणतात 'पोरगी घरी बसलीय'. 'नांदत नाही' असंही म्हणतात. मारहाण त्याची, हाकललं सासूनं, आणि वाक्यातली कर्ता ती! 'नांदवत नाहीत' असं म्हणणारा एखादाच. नांदणं मुळात नंद् धातूवरून आलेलं, आनंदानं राहणं. घ्या आता.

पांझरा
'एकल महिला' चालेल? हल्ली संस्थावाले लिहितात.

जुनी_पोथी
हिंदी वळण.

यावलचा
मग एकलकोंडा काय लखनौहून आला?

जुनी_पोथी
एकलकोंडा स्वभावाला म्हणतात, भाऊ. परिस्थितीला नाही.

सातपुडा_पायथा
नंदुरबारकडचा आहे, म्हणून दोन गोष्टी. दिवाळीनंतर आमच्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी असेल तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ मिळणारे पैसे, त्याच मापानं. पोरीला मागं कोणाजवळ ठेवायचं या धास्तीनं पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न उरकतात, कायदा अठराचा असला तरी. दुसरी गोष्ट, डाकीण. पाड्यावर कोणाचं लेकरू आजारी पडलं, बैल मेला, की बोट बहुतेक एकट्या बाईकडे, त्यातही विधवेकडे. तिच्या जमिनीच्या तुकड्यावर डोळा असला तर भगताला, म्हणजे मांत्रिकाला, नाव लवकर सापडतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. पण तक्रार द्यायला तिला त्याच पाड्यातून खाली उतरावं लागतं, आणि परत त्याच पाड्यात जावं लागतं. आता हिला असुरक्षित म्हणा नाहीतर आणखी काही.

वाघूरकाठ
दादा, 'अर्धा कोयता' चौकटीत टाकते, चालेल ना? मूळ मजकुरात कमी शिक्षण, लवकर लग्न, आजारपण, नवऱ्याचं व्यसन हे सगळं 'वैयक्तिक घटक' या मथळ्याखाली आहे.

अमळनेरची_लेक
नवऱ्याची दारू हा *तिचा* वैयक्तिक घटक? आणि पंधराव्या वर्षी लग्न लावताना तिला कोणी विचारलं होतं? शब्द नंतर शोधा ताई, आधी तो रकाना बदला.

पांझरा
अनुवादकाचं काम मूळ दुरुस्त करणं नाही.

अमळनेरची_लेक
तळटीप द्यायला कोणी अडवलंय? आणि माझी आजी अशा बाईबद्दल एवढंच म्हणायची, 'तिले कोनी नही'. अहिराणीत याहून वेगळा शब्द लागायचा नाही.

यावलचा
'तिले' आमच्या तावडी बोलीतही आहे बरं. सगळं अहिराणीच्या खात्यावर मांडू नका.

शेवभाजी_तिखट
वऱ्हाडातही आहे. आता तेही येतील वाटा मागायला.

सातपुडा_पायथा
'कोनी नही' नेहमी खरं नसतं पण. भाऊ असतात, चुलते असतात. देज, म्हणजे मुलीसाठी नवऱ्याकडून घेतात ते पैसे, घेतलेलं असतं, पोरगी ठेवून घेतली तर ते परत द्यावं लागेल म्हणून तेच तिला परत पाठवतात.

वाघूरकाठ
म्हणजे एकटीसुद्धा नाही. तूर्त 'एकट्या पाडलेल्या बायका' लिहिते.

जुनी_पोथी
'पाडलेल्या'? छापील पुस्तिकेत? विपन्न, अगतिक हे शब्द मेले का?

यावलचा
पोथीभाऊ, अंगणवाडीत 'विपन्न' वाचून दाखवा एकदा.

जुनी_पोथी
दाखवीन. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाहीत. बरं, फारकत हा शब्द फारिग आणि खत यांपासून, यावर तरी एकमत आहे ना?

शेवभाजी_तिखट
फारकत वकिलाकडची. पंचांपुढे होते ती काडीमोड, काडी मोडून द्यायचे म्हणून. आमच्या भागात दोन्ही वेगळ्या.

पांझरा
वेगळ्या कशा? आमच्याकडे कागद केला तरी काडीमोडच म्हणतात.